कॉलेज फुटबॉलची बंद प्रॅक्टिस आणि विद्यार्थ्यांचा पेपर

उत्तरध्रुव (धागाकर्ती)

माझी भाची मिडवेस्टातल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत शिकते आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या पेपरसाठी फुटबॉल कव्हर करते. अमेरिकन फुटबॉल, आपला पायाने खेळायचा नव्हे. गेल्या सीझनला तिने तिच्याच वर्गात बसणाऱ्या एका खेळाडूला सरळ मेसेज करून एकदोन प्रश्न विचारले, तर ॲथलेटिक्सच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाच्या, मीडिया ऑफिसातून थेट संपादकाला फोन, की खेळाडूंशी परस्पर बोलायचं नाही, जे काय असेल ते आमच्यामार्फत, परत असं झालं तर प्रेस पास काढून घेऊ. प्रॅक्टिसला तर तसंही फक्त सुरुवातीचा वॉर्म-अप बघू देतात, मग पत्रकारांना बाहेर काढून गेट बंद. आणि जेवढं दिसलं त्यातलंही कोण कुठल्या जागेवर खेळत होतं, कोण लंगडत होतं, हे लिहायचं नाही अशी अट.

पोरगी घाबरली नाहीये पण चिडलीय खूप. मलाही राग आलाय आणि त्याचं कारण नुसती भाची नाही. मी शिकागोच्या उत्तरेला, इव्हान्स्टनपासून जवळ राहते. तिथल्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत २०२३ च्या जुलैत जे झालं ते आमच्याकडे घराघरात बोललं जात होतं. इथे सगळ्यांना माहीत नसेल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

७ जुलै, शुक्रवार. युनिव्हर्सिटीने जाहीर केलं की फुटबॉल टीममध्ये हेझिंग होतं, म्हणजे आपण ज्याला रॅगिंग म्हणतो ते, अशी निनावी तक्रार आली होती, बाहेरच्या वकील मॅगी हिकी यांच्याकडून चौकशी करून घेतली, तक्रारीत बरंच तथ्य निघालं, कोच पॅट फिट्झजेराल्ड यांना दोन आठवडे बिनपगारी सस्पेंड करतोय. कोचना माहीत होतं असा पुरेसा पुरावा नाही, पण कळायच्या संधी भरपूर होत्या, असंही त्यात होतं. पूर्ण रिपोर्ट बाहेर दिला नाही, नुसता सारांश. जुलै महिना, टीमच्या मॅच नाहीत, कॅम्पस रिकामा. विषय तिथेच संपला असता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, 'डेली नॉर्थवेस्टर्न' ह्या तिथल्या विद्यार्थ्यांच्या पेपरने एका माजी खेळाडूने सांगितलेले तपशील छापले. प्रॅक्टिसमध्ये चुकणाऱ्या ज्युनियर मुलांना अंधाऱ्या लॉकर रूममध्ये मुखवटे घातलेल्या सीनियर्सनी धरून ठेवायचं आणि त्यांच्याशी लैंगिक स्वरूपाचे चाळे करायचे, असा त्याचा आरोप होता. सोमवारी १० तारखेला फिट्झजेराल्डना काढलं. २००६ पासूनचे हेड कोच, १७ सीझन, नव्वदच्या दशकात ह्याच कॉलेजचे स्टार लाइनबॅकर, इव्हान्स्टनमध्ये ह्या माणसाविषयी वाकडा शब्द ऐकू यायचा नाही.

आता बघा, शिकागोत ट्रिब्यून आहे, सन-टाइम्स आहे, ईएसपीएनची माणसं आहेत. पण लॉकर रूममध्ये नेमकं काय चालायचं ते लोकांसमोर आणलं ते ऐन सुट्टीत काम करणाऱ्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींनी. हा पेपर १८८१ पासूनचा आहे, आणि चालवणारी संस्था युनिव्हर्सिटीपासून वेगळी आहे म्हणून कुणाला त्यांच्या डोक्यावर बसता आलं नाही.

आणि बंद प्रॅक्टिसशी ह्याचा संबंध काय, तर आहे. टीम दरवर्षी सीझनच्या आधी विस्कॉन्सिनमधल्या केनोशाला कॅम्पला जायची, कॅम्पसपासून लांब. युनिव्हर्सिटीने स्वतःच जाहीर केलेल्या उपायांमध्ये पहिल्या काही गोष्टी ह्याच होत्या: केनोशाचा कॅम्प बंद आणि लॉकर रूमवर लक्ष ठेवायला असा माणूस जो कोचला रिपोर्ट करणार नाही. म्हणजे त्यांना समजलं होतं की गोष्ट कुठे लपत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की कोचने प्लेबुक, म्हणजे टीमच्या ठरवलेल्या चाली, लपवावं, खुशाल. पण त्याच पडद्याआड पोरांचे हाल लपत असतील तर तिथे कुणीतरी बाहेरचं जाणारं पाहिजे. आणि त्या पोरांच्या वर्गात बसणारं, त्यांच्या मेसमध्ये जेवणारं, त्यांच्याच वयाचं बाहेरचं माणूस म्हणजे विद्यार्थी पत्रकार. त्यालाच पहिलं अडवतात. तुम्हाला काय वाटतं?

ॲन_आर्बरकर

उत्तरध्रुव, कळकळ पोचली. पण मी कोच लोकांची बाजू मांडतो कारण ती कोणी मांडणार नाही.

मी मिशिगनचा. सीझनला साध्या मॅच फक्त १२. एक हरली तर वर्ष फुकट जाऊ शकतं. एखादा ट्रिक प्ले (समोरच्याला फसवणारी चाल) बसवायला आठवडे लागतात आणि तो मॅचमध्ये एकदाच चालतो, त्याच्याबद्दल कोणी पोराने ट्विट केलं की 'आज क्वार्टरबॅकने (जो एरवी बॉल फेकतो) बॉल कॅच केला' तर समोरच्या टीमचा एखादा असिस्टंट रात्रभर त्याच्यावर बसतो. ही भीती काल्पनिक नाहीये हो. आमच्याच कॉलेजचं बघा. २०२३ च्या ऑक्टोबरात बाहेर आलं की आमच्या स्टाफमधला कॉनर स्टॅलियन्स पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या मॅचची तिकिटं काढून माणसं पाठवायचा आणि साइडलाइनवरून कोच ज्या खुणा करतात त्याचं फोनवर शूटिंग करून घ्यायचा. प्रतिस्पर्ध्याची मॅच प्रत्यक्ष जाऊन स्काउट करायला १९९४ पासून बंदी आहे. तेव्हाचे आमचे हेड कोच जिम हार्बॉ यांना बिग टेनने, म्हणजे आमची टीम ज्यात खेळते त्या कॉलेजांच्या गटाने (कॉन्फरन्सने), साध्या मॅचपैकी शेवटच्या तीन मॅच बाहेर बसवलं. त्याच सीझनला आम्ही नॅशनल चॅम्पियन झालो आणि त्या विजयाला कायमचा डाग लागला, मला त्याचा अजून त्रास होतो.

तर ज्या खेळात माणसं इथपर्यंत जातात तिथे कोच कुंपणाला काळं कापड लावतो ह्यात मला गैर वाटत नाही.

रानजाई

ॲन आर्बरकर, मुद्दा बरोबर पण उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय असं नाही वाटत? स्टॅलियन्स पत्रकार नव्हता, टीमचा नोकर होता.

मी नॉर्थ कॅरोलायनात राहते, आमच्याकडचं वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटीचं प्रकरण आठवा. २०१६ च्या नोव्हेंबरात टीम लुईव्हिलला मॅचसाठी गेली, तर तिथे स्टेडियममध्ये यांच्याच गेम प्लॅनचे कागद सापडले. शोध घेतला तर टॉमी एलरॉड निघाला. हा त्याच कॉलेजचा जुना क्वार्टरबॅक, मग बरीच वर्षं असिस्टंट कोच, २०१४ ला नवीन कोच डेव्ह क्लॉसन आले त्यांनी याला स्टाफवर ठेवलं नाही, तर हा टीमच्या रेडिओवर कॉमेंटेटर झाला. म्हणजे घरचाच माणूस म्हणून याला प्रॅक्टिस बघायची पूर्ण मुभा! आणि तो २०१४ पासून वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांना प्लॅन पुरवत होता. लुईव्हिल आणि व्हर्जिनिया टेक ह्या दोन कॉलेजांना एसीसी ह्या त्यांच्या कॉन्फरन्सने प्रत्येकी २५,००० डॉलर दंड केला.

बाहेर काढलेले विद्यार्थी पत्रकार गेटबाहेर उभे, आणि आत बसलेला जुना माणूस प्लॅन वाटतोय. कुणावर विश्वास ठेवायचा ह्याचं गणितच चुकलेलं आहे ह्यांचं.

शिवाय २०२४ पासून मोठ्या कॉलेजांमध्ये हेल्मेटमध्ये रेडिओ आलाय, कोच खेळाडूच्या कानात बोलतो, त्यामुळे खुणा चोरण्याचं प्रकरणही पुष्कळ कमी झालंय. कापडं मात्र तशीच आहेत कुंपणाला.

नंदू_पुणे

धागा आवडला. मला ह्या खेळातलं काही कळत नाही पण एक बेसिक शंका. कॉलेजची टीम आहे ना? मग प्रॅक्टिस बघायला पास, मीडिया ऑफिस, बंदी हे कशाला? शिवाजी पार्कला किंवा आझाद मैदानावर कोणीही उभं राहून कोणाचीही नेट प्रॅक्टिस बघतं, उद्या रणजी खेळणारा पोरगा असला तरी.

उत्तरध्रुव

नंदू, चांगला प्रश्न. कॉलेजची टीम म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे येतं त्याचा इथे संबंध नाही. ॲन आर्बरकरांच्या मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे आणि ते भरतं. टीव्हीचे हक्क अब्जावधी डॉलरना जातात. बऱ्याच राज्यांमध्ये सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच, गव्हर्नरच्या कितीतरी पट. आणि १ जुलै २०२५ पासून तर कोर्टातल्या तडजोडीमुळे कॉलेजं खेळाडूंना सरळ पैसे देऊ शकतात, एका कॉलेजला सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा.

एवढा पैसा आला की ते ऑफिस बातम्या देण्यापेक्षा बातम्या अडवायचंच काम जास्त करतं, हा माझा अनुभव.

पासाडेना

इथे लॉस एंजेलिसमध्ये यूएससीचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचं, २०१२ चं उदाहरण आहे. लेन किफिन कोच होते. एका स्थानिक पेपरच्या बीट रिपोर्टरने किकरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याची बातमी दिली. खरी बातमी. तर त्याला दोन आठवडे प्रॅक्टिसला बंदी! दुसऱ्याच दिवशी ॲथलेटिक डायरेक्टर पॅट हेडन यांनी ती उठवली. पण त्याच आठवड्यात पत्रकारांनी दुखापतीविषयी प्रश्न विचारला तर किफिन २८ सेकंदांत निघून गेले.

तो रिपोर्टर मोठ्या पेपरचा होता, मागे संपादक होता, वकील होता, देशभर बोंब झाली म्हणून एका दिवसात सुटला. हेच विद्यार्थ्याच्या पेपरबाबत झालं असतं तर? बंदी उठायच्या आधी त्याचं सेमिस्टर संपलं असतं.

अनघा_ओहायो

मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका.

माझा मुलगा एका छोट्या डिव्हिजन थ्री कॉलेजात खेळतो. स्कॉलरशिप नाही, टीव्ही नाही, हौसेने खेळतो. त्याच्या गुडघ्याची सर्जरी झाली तेव्हा कॉलेजच्या पेपरात आलं की तो सीझनभर नाही खेळणार. त्याने स्वतः त्याच्या आजीआजोबांना अजून सांगितलं नव्हतं. पोरगं १९ वर्षांचं, त्याच्या शरीरात काय बिघडलंय हे गावाला सांगायचा हक्क पेपरला कोणी दिला?

आणि आता बेटिंग आलंय. २०१८ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने जुना कायदा रद्द केला, त्यानंतर एकेक राज्य करत फोनवर बेटिंग कायदेशीर झालं. आता मोठ्या कॉलेजातल्या मुलाचा घोटा दुखतोय ही बातमी म्हणजे कुणाच्या तरी खिशातले पैसे. मुलांना मॅचनंतर अनोळखी लोकांचे घाणेरडे मेसेज येतात, तुझ्यामुळे माझी बेट गेली म्हणून, जिवे मारायच्या धमक्यासुद्धा. अशा वेळी प्रॅक्टिसला कोण लंगडत होतं हे लिहू नका असं कोच म्हणाला तर मी आई म्हणून त्याच्याच बाजूने उभी राहीन.

ॲन_आर्बरकर

अनघाताई, +१००. हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत.

चेसापीक

अनघाताई तुमचं दुःख समजतं आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत पेपरने आधी त्याला विचारायला हवं होतं, यात वादच नाही. पण मी मेरीलँडला, कॉलेज पार्क ह्या युनिव्हर्सिटीच्या गावापासून जवळ राहतो म्हणून मला दुसरी बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२९ मे २०१८. युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडच्या फुटबॉल टीमचा वर्कआउट. सीझन नाही, मॅच नाही, प्रेक्षक नाहीत. ११० यार्डांचे एकामागून एक १० स्प्रिंट. जॉर्डन मॅकनेअर, १९ वर्षांचा लाइनमन, पळता पळता कोसळला. उष्माघात. उष्माघाताला उपाय माहितीचा आहे, माणसाला ताबडतोब बर्फाच्या पाण्यात बुडवायचं, ते केलं नाही. १३ जूनला तो गेला.

सुरुवातीला बाहेर फारसं काही आलं नाही. मग १० ऑगस्टला ईएसपीएनची बातमी आली की कोच डी जे डर्किन यांच्या टीममध्ये खेळाडूंना कसं घाबरवून, अपमान करून वागवलं जातं. त्यानंतर चौकश्या. ३० ऑक्टोबरला युनिव्हर्सिटीच्या बोर्डाने ठरवलं की कोच राहणार आणि प्रेसिडेंट वॉलेस लो जूनमध्ये निवृत्त होणार! त्या दिवशी कॅम्पसवर जो संताप उसळला तो मी बघितलाय. विद्यार्थ्यांचा 'डायमंडबॅक' सगळं छापत होता, खेळाडूंपैकी काही जण मीटिंगमधून उठून गेले. ३१ ऑक्टोबरला लो यांनी बोर्डाचं न ऐकता डर्किनना काढलं. २०२१ मध्ये राज्याने कुटुंबाला ३५ लाख डॉलरची भरपाई दिली. मुलगा काही परत आला नाही.

आता मला सांगा, त्या मे महिन्यातल्या वर्कआउटला कुंपणाबाहेर एखादं पोरगं वही घेऊन उभं असतं तर? मी असं नाही म्हणत की तो वाचलाच असता. पण ट्रेनर आणि कोच यांना कोणीतरी बघतंय ही जाणीव असती. आईबापांनी कोचवर भरवसा टाकून मुलाला पाठवलेलं असतं, त्या भरवशाची खातरजमा करणारं तिथे कोणीच नव्हतं.

साउथ_बेंड

चेसापीक, अंगावर काटा आला. यात एक अजून जोडतो, ते पत्रकाराबद्दल नाही पण प्रॅक्टिसबद्दल आहे आणि विद्यार्थ्याबद्दलही. २७ ऑक्टोबर २०१०, नोट्रे डेम युनिव्हर्सिटी. प्रॅक्टिसचं शूटिंग टीम स्वतःच करते, कोचना नंतर बघायला, आणि ते काम विद्यार्थी करतात. त्या दिवशी सुसाट वारा, झोत ताशी ५३ मैलांपर्यंत. एका २० वर्षांच्या विद्यार्थ्याला हायड्रॉलिक लिफ्टवर उंच चढवलं होतं. लिफ्ट उलटली आणि तो गेला. राज्याच्या कामगार सुरक्षा खात्याने ७७,५०० डॉलर दंड प्रस्तावित केला होता. पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीने रिमोटवर चालणारे कॅमेरे बसवले.

म्हणजे कॅमेरा आत होता, सगळं रेकॉर्ड होत होतं, पण कोचच्या उपयोगाचं. वाऱ्यात पोरगं वर का चढवलंय असं विचारणारं कोणी नव्हतं.

कलम_एकोणीस

मी न्यू जर्सीत वकिली करते, ह्या विषयात मला रस आहे म्हणून उत्तरध्रुव यांच्या भाचीसाठी लिहिते. हा सल्ला नाही, माहिती समजा.

आधी कडू भाग. प्रॅक्टिस बंद करायचा अधिकार युनिव्हर्सिटीला आहे. सुप्रीम कोर्टाने १९७४ च्या पेल विरुद्ध प्रोक्युनियर ह्या तुरुंगातल्या मुलाखतींच्या केसमध्ये म्हटलंय की जिथे सामान्य लोकांना प्रवेश नाही तिथे पत्रकाराला वेगळा हक्क मिळत नाही. तेव्हा सगळ्यांनाच बाहेर काढलं तर कोर्टात फार काही हाती लागणार नाही.

पण सगळ्यांना आत घेऊन एकीलाच, ती काय लिहिते म्हणून, बाहेर ठेवलं तर गोष्ट बदलते. त्याच वर्षी होनोलुलूच्या महापौरांनी एका नावडत्या रिपोर्टरला पत्रकार परिषदेत येऊ दिलं नव्हतं, फेडरल कोर्टाने ते चालणार नाही असं सांगितलं. सरकारी युनिव्हर्सिटी म्हणजे सरकारच. खासगी असती, नॉर्थवेस्टर्न, यूएससी, नोट्रे डेमसारखी, तर अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या घटनादुरुस्तीचा (सरकारपासून बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य जपणाऱ्या) आधार बहुतेक ठिकाणी मिळाला नसता.

आता परस्पर बोलायचं नाही हा नियम. असे नियम फार कॉलेजांमध्ये आहेत. २०११ मध्ये केंटकीत विद्यार्थ्यांच्या पेपरच्या रिपोर्टरने दोन बास्केटबॉल खेळाडूंना थेट फोन केला म्हणून त्याला एका मुलाखतीच्या कार्यक्रमाला येऊ दिलं नव्हतं, अगदी तुमच्या भाचीसारखंच. पण नीट विचार करा, ते ऑफिस खेळाडूंना सांगू बघतं, आणि तेही कितपत सांगू शकतं ह्यावर वाद आहे. तुमची भाची त्यांची खेळाडू नाही, नोकर नाही. एका विद्यार्थिनीने दुसऱ्या विद्यार्थ्याला मेसेज करायला कुणाची परवानगी लागत नाही.

खेळाडूंच्या तोंडाला कुलूप लावण्याबद्दल एक महत्त्वाचं, आणि परत नॉर्थवेस्टर्नचंच. तिथल्या फुटबॉल खेळाडूंनी २०१४ ला युनियन करायचा प्रयत्न केला होता, तो २०१५ ला फसला. पण २०१६ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाच्या वकिलांनी टीमचे नियम तपासले आणि मीडियाशी बोलण्यावरची बंधनं बेकायदेशीर ठरतील असं मत दिलं, युनिव्हर्सिटीने नियम बदललेही. उत्तरध्रुव यांनी सांगितलेलं २०२३ चं सगळं मी ह्याच्या शेजारी ठेवून वाचते.

अनघाताई, तुमच्यासाठी. दुखापतीचं विचारलं की ॲथलेटिक्सवाले लगेच विद्यार्थ्यांच्या खासगी माहितीचा १९७४ चा कायदा पुढे करतात, फर्पा. कॉलेजने डॉक्टरचे कागद देऊ नयेत हे बरोबरच. पण तो कायदा कॉलेजवर आहे, डोळ्यांनी बघून लिहिणाऱ्या पत्रकारावर नाही. आणि त्याच्या नावाखाली वाट्टेल ते लपवतात. नॉर्थ कॅरोलायनात २०११ मध्ये यूएनसी ह्या तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीने फुटबॉल खेळाडूंच्या पार्किंगच्या पावत्या ह्याच कायद्याखाली अडवल्या होत्या! जजने सरळ सांगितलं की हा कायदा म्हणजे विद्यार्थ्याला अदृश्य करणारा झगा नाही.

भाचीला तीन गोष्टी करायला सांगा. तो नियम लेखी मागायचा, फोनवर नाही. मीडिया पॉलिसीसाठी पब्लिक रेकॉर्ड्सचा, म्हणजे आपल्या माहिती अधिकारासारखा, अर्ज टाकायचा. आणि स्टुडंट प्रेस लॉ सेंटरला लिहायचं, १९७४ पासून ते विद्यार्थी पत्रकारांना फुकट मदत करतात.

उत्तरध्रुव

कलम एकोणीस, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद तिला पाठवला. संपादक मुलगा म्हणाला की आजवर कुणीच लेखी मागितलं नव्हतं, म्हणजे इतकी वर्षं नुसत्या फोनवर चाललंय सगळं.

एक गोष्ट न्यायाला धरून लिहायला हवी. फिट्झजेराल्ड यांनी युनिव्हर्सिटीवर १३ कोटी डॉलरचा दावा लावला होता आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तडजोड झाली. तेव्हा युनिव्हर्सिटीने मान्य केलं की त्यांनी हेझिंग करायला लावलं किंवा चालवून घेतलं असं पुराव्यांतून दिसत नाही, आणि कुणी खेळाडूने त्यांच्याकडे तक्रार केली होती असंही नाही. हेझिंग मात्र झालं होतं, ते युनिव्हर्सिटीने नाकारलेलं नाही. मला तर हे जास्तच लागलं. हेड कोचला खरंच माहीत नव्हतं असं धरलं, तर मग एवढ्या बंदिस्त कार्यक्रमात मुलांनी सांगायचं कुणाला? ज्या मुलाने शेवटी लोकांसमोर आणलं त्याने पेपरला सांगितलं.

अनघा_ओहायो

वाचतेय सगळं. चेसापीक यांचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. मुलाला फोन केला, विचारलं तुमच्या प्रॅक्टिसला थंड पाण्याचा टब असतो का. आहे म्हणाला.

पण माझा प्रश्न शिल्लक आहे. कोच माझ्या मुलाला उन्हात पळवून मारतोय का हे बघायला रिपोर्टर आत यावा, मान्य. त्याच रिपोर्टरने त्याचा गुडघा बेटिंगवाल्यांना विकू नये, ह्याचं काय?

रानजाई

अनघाताई, ह्यावर कॉन्फरन्सनी एक रस्ता काढलाय. बिग टेनने २०२३ पासून आणि एसईसी ह्या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सने २०२४ पासून मॅचच्या आधी अधिकृत यादी द्यायला सुरुवात केली, कोण खेळणार, कोण नाही, कोणाचं नक्की नाही. बिग टेनची मॅचच्या दोन तास आधी, एसईसीची तीन दिवस आधीपासून रोज. काय दुखतंय हे सांगायचं नाही, फक्त उपलब्ध आहे की नाही. एसईसीमध्ये लपवाछपवी केली तर कॉलेजला दंड, वारंवार केली तर एक लाख डॉलरपर्यंत. त्यामुळे ट्रेनरला किंवा रूममेटला गाठून आतली बातमी काढायचा बेटिंगवाल्यांचा फायदा कमी होतो.

बघा ना, इतकी वर्षं कोच म्हणत होते की हे सांगितलं तर खेळ बुडेल. सांगायला लागले, खेळ चाललाय.

ॲन_आर्बरकर

ह्या यादीला माझा पूर्ण पाठिंबा. आणि चेसापीक यांच्या मुद्द्यावर मी एवढं म्हणेन की उन्हाळ्यातले कंडिशनिंगचे वर्कआउट उघडे ठेवायला काहीच हरकत नसावी, त्यात प्ले नसतात, नुसतं पळणं आणि वजनं. कोचला तिथे लपवण्यासारखं काही नाही. मॅचच्या आठवड्यातली टीम प्रॅक्टिस बंद, ते मी सोडणार नाही.

चेसापीक

हे मान्य. खरं तर माणसं दगावतात ती बहुतेक ह्याच कंडिशनिंगमध्ये, मॅचमध्ये नाही. आणि ते सगळ्यात जास्त बंद असतं.

कोलोरॅडोकर

उशिरा आलो. आमच्याकडे बोल्डरला, कोलोरॅडो युनिव्हर्सिटीत, डिऑन सँडर्स कोच आहेत. त्यांचे कॅमेरे चोवीस तास चालू असतात, स्वतःच्या चॅनलचे, प्रॅक्टिस, लॉकर रूम, बस, सगळं यूट्यूबवर. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोने जाहीर केलं की डेन्व्हर पोस्टच्या एका कॉलमनिस्टचे फुटबॉलवरचे प्रश्न आम्ही घेणार नाही, कारण तो फार टीका करतो. सरकारी युनिव्हर्सिटी आहे ही.

म्हणजे आता प्रॅक्टिस गुप्त ठेवायचा प्रश्नही उरला नाही. दाखवायचं ते सगळं दाखवतात, फक्त कॅमेरा स्वतःच्या माणसाच्या हातात. मला हे काळ्या कापडापेक्षा जास्त काळजीचं वाटतं, कारण बघणाऱ्याला वाटतं आपण सगळं बघितलं. विद्यार्थी पत्रकारांना म्हणतात व्हिडिओ आहे ना, तो बघा आणि लिहा.

ब्लूमिंग्टन

मी इंडियाना युनिव्हर्सिटीच्या गावात राहतो. आमच्याकडचं ताजं आहे आणि फुटबॉलशी संबंध आहेच.

इथला विद्यार्थ्यांचा पेपर, 'इंडियाना डेली स्टुडंट', १८६७ पासूनचा. २०२५ च्या ऑक्टोबरात होमकमिंगची मॅच होती. होमकमिंग म्हणजे माजी विद्यार्थी गावात येतात, स्टेडियम भरतं, देणगीदार येतात. युनिव्हर्सिटीने सांगितलं की त्या आठवड्याच्या छापील अंकात फक्त होमकमिंगचं गाइड पाहिजे, बातम्या नकोत. स्टुडंट मीडियाचे डायरेक्टर जिम रोडेनबुश यांनी मुलांना असं सांगायला नकार दिला. १४ ऑक्टोबरला त्यांना काढलं. आणि त्याच संध्याकाळी छापील अंकच बंद केला. पैशाचं कारण दिलं.

आता पुढचं ऐका. परड्यू ही आमच्याच राज्यातली दुसरी युनिव्हर्सिटी आणि इंडियाना यांचं फुटबॉलमधलं हाडवैर किती जुनं आहे हे इथल्या लोकांना सांगायला नको, १९२५ पासून लाकडी बादलीच्या एका ट्रॉफीसाठी भांडतायत. परड्यूच्या मुलांच्या पेपरवर, 'एक्सपोनंट'वर, त्याच वर्षी जूनमध्ये त्यांच्याच युनिव्हर्सिटीने वाटप बंद करायची आणि परड्यू हे नाव काढायची वेळ आणली होती. त्या मुलांनी इंडियानाच्या मुलांसाठी खास अंक छापला, गाडीत भरला आणि दोन तास चालवत ब्लूमिंग्टनला आणून आमच्या कॅम्पसवरच्या पेपरच्या रिकाम्या स्टँडमध्ये ठेवला, होमकमिंगच्या मॅचच्या आदल्या दिवशी. लाल टीशर्ट घातलेली आमची माणसं परड्यूचा पेपर हातात घेऊन वाचत होती. मी एक घरी आणला, अजून ठेवलाय.

३० ऑक्टोबरला युनिव्हर्सिटीने निर्णय फिरवला, मुलांना त्यांच्या बजेटमधून छापायची परवानगी दिली, ती पण २०२६ च्या जूनपर्यंतच. रोडेनबुश यांनी युनिव्हर्सिटीवर फेडरल कोर्टात केस केली आहे.